न पिण्याचा परवाना

महाराष्ट्रात दारू प्यायची तर परवाना लागतो. महाडच्या बाजारपेठेत उभं राहून हे वाक्य मोठ्याने म्हणालात तर लोक तुमच्याकडे संशयाने बघतील, आणि तो संशय तुम्ही प्यायल्याचा असेल. पण कायदा आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. पुढे राज्याचं नाव बदललं, कायद्याचंही बदललं, परवाने मात्र राहिले. एका दिवसाचा, एका वर्षाचा आणि आजन्म, असे तीन प्रकार. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. आजन्म परवाना काढणाऱ्याच्या आशावादाला माझा नमस्कार, कारण ज्या कामासाठी तो काढायचा, त्या कामानेच त्याची मुदत कमी होत जाते. शिवाय वयाची अट आहे. बिअरला एकवीस, कडक मालाला पंचवीस. म्हणजे अठराव्या वर्षी सरकार निवडता येतं, एकविसाव्या वर्षी लग्न करता येतं, आणि या दोन्हींचं दुःख विसरायला मात्र पंचविशी गाठावी लागते.

हा परवाना खिशात घेऊन हिंडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही. अडतं ते न पिण्याच्या परवान्यावाचून. तो कुठल्याच कायद्यात नाही, पण महाड-पोलादपुरात तो नसेल तर माणसाचे फार हाल होतात.

हळदीची रात्र घ्या. आमच्या रायगड जिल्ह्यात लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी लागतं, पण होतं आदल्या रात्री. मांडवात बायका, डीजेपुढे पोरं, आणि मांडवामागे उभ्या केलेल्या टेम्पोच्या आडोशाला उरलेली सगळी जबाबदार मंडळी. तिथे तुम्ही "मला नको" म्हणालात की चौकशी समिती बसते.

"का?"

"डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय."

लगेच तीन नावं सांगितली जातात. तिघांनाही डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं होतं, तिघांनीही ऐकलं नाही, आणि तिघेही ते बघा, डीजेपुढे नाचतायत. ऐकलं नाही आणि नाचायला उरला नाही अशा चौथ्याचं नाव कुणी काढत नाही.

"गोळ्या चालू आहेत." "कुठल्या?" विचारणारा कारखान्यात फिटर असतो, पण गोळीचं नाव ऐकून "ही चालते" असा निकाल देतो. "पित्त होतं." "मग सोड्यातून नको, पाण्यातून घे." "गाडी चालवायची आहे." "जातोस कशाला, इथेच झोप." आणि सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे "सोडली." हे ऐकल्यावर आधी हशा होतो, मग तुमच्या मागच्या सोडण्यांचा इतिहास वाचला जातो, आणि शेवटी कुणीतरी जवळचा नातेवाईक, बहुधा मामा, ग्लास भरून पुढे करत म्हणतो, "सोडली ना? मग आता धर."

एकच उत्तर असं आहे की ज्यापुढे समिती बरखास्त होते. "श्रावण आहे." एवढे दोनच शब्द. पुढे आलेला ग्लास मागे जातो. कुणी गोळीचं नाव विचारत नाही. उलट ज्याच्या हातात ग्लास असतो तोच जरा ओशाळतो, आणि "मीपण पाळणार होतो, पण या वर्षी घरात आजारपण निघालं" अशी सफाई द्यायला लागतो. पाळणारा माणूस क्षणात जमिनीपासून चार बोटं वर जातो. अडचण इतकीच की चातुर्मासात आमच्याकडे लग्नं नसतात. म्हणजे हुकमाचा पत्ता हातात येतो तेव्हा डाव बंद असतो.

आमच्याकडे श्रावणाची चाहूल मोराच्या आधी मटणवाल्याला लागते. आषाढाच्या शेवटची अमावस्या, म्हणजे पंचांगात दिव्यांची अवस आणि बाकी सर्वत्र गटारी. त्या दिवशी घरात समया, निरांजनं, कंदील घासूनपुसून पाटावर मांडतात, कणकेचे दिवे करतात. घरातल्या पुरुषांना हे ऐकून माहीत असतं, कारण ते सकाळपासून मटणाच्या रांगेत असतात आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी दुसऱ्या रांगेत. पण एक मान्य करायला हवं, वर्षभर पंचांगाकडे पाठ फिरवणारी ही माणसं त्या आठवड्यात एकदम शास्त्री होतात. 'कालनिर्णय' 1973 पासून घरोघरच्या भिंतींवर लटकतंय. दुधाचा हिशोब आणि गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहिण्यापलीकडे त्याचा खरा अभ्यास होतो तो याच दिवशी. अमावस्या लागते कधी? संपते किती वाजता? उदयतिथी धरायची की नाही? एका गृहस्थाने मला गंभीरपणे सांगितलं होतं, की अमावस्या सकाळी अकरापर्यंत असेल तर दहा वाजून एकोणसाठ मिनिटांचा पेग शास्त्राला मान्य आहे. आणि अमावस्या सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी आली तर? तर तिथी गेली खड्ड्यात, आधीचा रविवार धरायचा. ज्यांना तोही कमी वाटतो ते आषाढी एकादशी उलटली की दुसऱ्या दिवशी सुरू करतात.

मग श्रावण लागतो.

आमची एक बैठक आहे. महाडच्या बाजारात एका मित्राच्या दुकानामागची खोली. खोलीत खालच्या फळ्यांवर पावसाळ्यात काही ठेवत नाहीत. आधी दोन फळ्या रिकाम्या असायच्या, 2021 च्या जुलैतल्या पुरानंतर चारही असतात आणि माल माळ्यावर. सावित्री आणि गांधारी मिळून बाजारात कुठपर्यंत येतात ते महाडकरांना भिंतीवरच्या खुणांवरून सांगता येतं. बैठकीत बसणारे म्हणजे दुकानदार, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहतूक नियंत्रक, बिरवाडीकडच्या एमआयडीसीतला एक शिफ्ट सुपरवायझर आणि मी. पोलादपूरचे एक गुरुजीही येतात. ते घेत नाहीत, गळ्यात माळ आहे. पण चकणा खायला माळेची हरकत नसल्यामुळे त्यांची उपस्थिती आमच्यापेक्षा नियमित.

श्रावणातल्या पहिल्या संध्याकाळी सगळे ठरल्या वेळेला हजर झाले. इथेच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. फरसाण, उकडलेल्या शेंगा, काकडी असं नेहमीचं समोर आलं, अंडी तेवढी रद्द. ग्लासासोबत हेच सामान दोन तास पुरतं. त्या दिवशी पंधरा मिनिटांत ताटल्या रिकाम्या. मग प्रश्न पडला हातांचा. इतकी वर्षं उजव्या हाताला काम होतं. आता तो टेबलावर ठेवला तर परीक्षेला बसल्याचा भास होतो, मांडीवर ठेवला तर सोयऱ्यांकडे मुलगी बघायला आल्याचा. सुपरवायझरने शेवटी हातात रिकामा स्टीलचा ग्लास धरला, तेव्हा कुठे तो बोलायला लागला.

बोलण्याचंही गणित बदललेलं. नियंत्रकांची एक गोष्ट आहे, आंबेनळी घाटात रात्रीच्या गाडीसमोर जनावर आडवं आल्याची. वर्षभर त्या गोष्टीतला बिबट्या वाढत असतो. एप्रिल-मेपर्यंत तो बोनेटवर पाय ठेवून ड्रायव्हरशी नजरानजर करतो. श्रावणातल्या पहिल्या संध्याकाळी त्याच गोष्टीत जनावर लांबून रस्ता ओलांडून गेलं, आणि गुरुजींनी खोदून विचारल्यावर ते भेकर असावं इथपर्यंत नियंत्रक खाली आले. साडेआठला सगळे घरी. घरच्यांनी दार उघडून आधी "काय झालं?" विचारलं.

तेव्हा पर्याय शोधणं भाग होतं, आणि तो आम्ही शोधला त्या क्रमात सांगतो. पहिला मान विज्ञानाचा. हल्ली बिनअल्कोहोलची बिअर मिळते, बाटलीवर शून्य टिंब शून्य लिहिलेली. दुकानदाराचा मुलगा पनवेलहून घेऊन आला. रंग तोच, फेस तोच, बाटली उघडल्याचा आवाज तर अगदी तोच. सुपरवायझरने पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि वाट बघत बसला. बराच वेळ बसला. लग्नाला जाऊन, आहेर देऊन, जेवायच्या आधी परत यावं तसं त्याचं तोंड झालं. मग धर्मचर्चा सुरू झाली. ही श्रावणात चालते का? आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे पेयात 0.5 टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असेल तरच ते मद्य. गुरुजींनी मत दिलं, की मग रात्रभर आंबवलेल्या नाचणीच्या आंबिलीचीही तपासणी करावी लागेल, आणि ती तर आमच्या वरच्या गावांत म्हाताऱ्या बायका एकादशी सोडून रोज पितात. चर्चा रंगात आलेली असताना वरून वहिनी, म्हणजे दुकानदाराच्या पत्नी, खाली आल्या. दुकान खाली, घर वर. त्यांनी बाटल्या बघितल्या, लेबल वाचायच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि "महिन्याचा पहिला आठवडा तरी धरवला नाही का?" एवढं बोलून वर गेल्या. शून्य टिंब शून्यचा प्रयोग तिथे संपला. ज्या पेयाने नशा होत नाही आणि बदनामी मात्र पूर्ण होते, ते पेय व्यवहाराला धरून नाही.

दुसरा मान सोड्याचा. गोटीच्या बाटलीतला सोडा, लिंबू, काळं मीठ. गोटी आत ढकलताना होणारा आवाज मला अजून आवडतो; ती युक्ती हायरम कॉड नावाच्या एका इंग्रजाची, 1872 सालची. तिकडे ती बाटली संग्रहालयात गेली आणि इकडे आपल्या एसटी स्टँडांवर ती नांदली. पण सोड्याचं सामर्थ्य दोन ग्लासांत संपतं. तिसऱ्यानंतर माणसाला बोलताच येत नाही, दर वाक्याला ढेकर.

मग कोकम. आता हे शोधावं का लागावं? तर लागलं. पोलादपूरला महाबळेश्वरचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला येऊन मिळतो. वरून उतरणारे प्रवासी स्ट्रॉबेरीचं क्रश घेऊन उतरतात आणि खाली आल्यावर कोकमचं सरबत विकत घेतात, आणि त्या रस्त्यावर उभा राहणारा आमचा पोलादपूरकर मात्र परगावचा पाहुणा आला तर त्याच्यासाठी बाटलीतलं काळं कोल्ड्रिंक आणतो. कोकम आपण पाहुण्याला देत नाही, ते घरचं. घरच्याला प्रतिष्ठा कुठून यायची? त्यातून सरकारदरबारी आणखी गंमत झाली. कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या. कशेडीचा घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. म्हणजे घाटाच्या पलीकडचा रातांबा मानकरी आणि अलीकडचा, त्याच मातीतला, त्याच पावसातला, नुसता रातांबा. आता तर घाटाखालून बोगदाही झालाय, तरी मानांकन काही अलीकडे आलं नाही.

रातांब्याचं काम आमच्याकडे कुणी कधी आकड्यांत मांडलं नाही, कारण ते बायका करतात. मेमध्ये, आंबे-फणसांची धावपळ चालू असतानाच हे फळ पिकतं. फोडायचं, बिया आणि गर वेगळा काढायचा. सालं उन्हात घालायची, गराच्या रसात बुडवायची, परत उन्हात घालायची, असं सालं काळी पडेपर्यंत, ती आमसुलं. सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची. ते अमृत कोकम. मीठ घालून नुसता रस ठेवला की आगळ. बियासुद्धा सुटत नाहीत, त्यांचं तेल काढून मुठीत वळून ठेवतात आणि हिवाळ्यात टाचांच्या भेगांना लावतात. आणि हे सगळं सात जूनच्या आत, आभाळाकडे एक डोळा ठेवून. त्या दिवसांत घरातला पुरुष काय करतो? तो संध्याकाळी येऊन विचारतो, "अंगणात चालायला जागा नाही, हे काय पसरलंय?"

तर अमृत कोकम, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर मीठ, आणि साध्या पाण्याऐवजी गोटीचा सोडा. ग्लासात असा काही रंग उतरला की दुकानासमोरून छत्री घेऊन जाणारे एक वयस्कर नातेवाईक थबकले. खोलीत डोकावले, टेबलावरचे लालभडक ग्लास बघितले, आमची तोंडं बघितली, आणि "श्रावण ना?" म्हणाले. नियंत्रकांनी उठून त्यांना एक ग्लास भरून दिला. त्यांनी आधी वास घेतला. मग घोट. मग खुर्ची. त्यानंतर ते रोज यायला लागले, आणि बैठकीची सभासदसंख्या श्रावणात वाढल्याची ही पहिलीच वेळ.

सोलकढीचाही विचार झाला होता. पण सोलकढी ही एकटी येणारी नव्हे. तिच्या आधी तळलेली सुरमई लागते, निदान बांगडा तरी. श्रावणात मासा नाही, शिवाय जूनपासून समुद्रातल्या मासेमारीवर बंदी असते ती नुकती उठलेली असते, म्हणजे बाजारात मासळी यायला लागलेली आणि आपण पाळतोय. अशा वेळी नुसती गुलाबी सोलकढी समोर ठेवली, तर तिच्याकडे बघून रडू येतं. तो ठराव नामंजूर झाला.

खरी अडचण पुढे आली. आपली म्हणून जी नामांकित थंड पेयं, ती सगळी उन्हाळ्याची. कैरीचं पन्हं चैत्रातलं. वाळ्याचं पाणी वैशाखातलं. ताक दुपारचं, रायगडाच्या दीड हजारांच्या आसपास पायऱ्या चढताना मधेच सावलीत मडकं घेऊन बसलेली बाई ताक देते तेव्हा त्याची खरी किंमत कळते. उसाचा रस तर थंडी-उन्हाळ्यातला. आणि श्रावण कुठे येतो? भर पावसात. कवी लोकांचा श्रावण ऊन-पावसाचा असतो. महाड-पोलादपुरात ऊन हा भाग ऐच्छिक आहे. आठवडाभर पँट वाळत नाही, पोळपाटाला बुरशी येते, आंबेनळीत दरड येऊन महाबळेश्वरचा रस्ता बंद होतो, आणि अशा हवेत तुम्ही ओल्या पायांनी थंडगार कोकम-सोडा पीत बसलाय. चौथ्या दिवशी बैठकीत तीन जण शिंकत होते. विलायतेत 2013 साली एका संस्थेने जानेवारीभर न पिण्याची टूम काढली, तिला ते ड्राय जानेवारी म्हणतात आणि जगभर त्याचं कौतुक होतं. तिकडेही बिचारे कडाक्याच्या थंडीत सोडतात. माणसाला सोडायला नेमका असाच महिना का सापडतो, जेव्हा अंगात काहीतरी गरम जावंसं वाटतं?

याचं उत्तरही वरच्या मजल्यावरूनच आलं. पाचव्या संध्याकाळी वहिनींनी एका मोठ्या पातेल्यात आमसुलाचं सार पाठवलं. आमसुलं गरम पाण्यात भिजवून कोळलेली, गूळ, मीठ, ठेचलेलं आलं, उभी चिरलेली हिरवी मिरची, वर साजूक तुपात तडतडलेलं जिरं. वाफाळलेलं, स्टीलच्या ग्लासात, कडेवरून धरावं लागेल इतकं गरम. पहिला घोट घशातून खाली उतरताना जिथून जिथून गेला तिथली जागा कळली. सुपरवायझरने डोळे मिटले, आणि या वेळी त्याला वाट बघावी लागली नाही. त्याने ग्लास खाली ठेवून जे शब्द काढले ते श्रावणात लिहिण्यासारखे नाहीत, पण ते पूर्ण समाधानाचे होते.

तेव्हा मला एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती मी शास्त्र म्हणून मांडत नाही. पिणाऱ्याला जी चटक असते तिच्यातली निम्मी घसा भाजण्याची आणि उरलेल्यातली बरीचशी बसण्याची. थंड, गोड, गुळगुळीत सरबत त्याच्यापुढे ठेवलं की त्याला लहान मुलांच्या वाढदिवसाला आल्यागत वाटतं आणि तो घड्याळ बघतो. त्याला ठसका हवा. आलं, मिरी, सुंठ, हिरवी मिरची, ओवा यांत तो आहे. एका वेळी गटकन संपवता येणार नाही असं काहीतरी हवं, म्हणजे हात गुंतून राहतो. सार उकळतं असतं, त्यामुळे घोट घोट घ्यावंच लागतं, आणि दोन घोटांच्या मध्ये बिबट्याला वाढायला वेळ मिळतो. दहा दिवसांत नियंत्रकांचं भेकर परत ठिपके धरायला लागलं होतं.

मग आमच्यात उत्साह संचारला. कुळथाचं कढण झालं, लसणाची फोडणी देऊन. गवती चहा आणि आल्याचा बिनदुधाचा काढा झाला. गुरुजींनी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावातून नाचणीची आंबील किटलीतून आणली, ताक आणि लसूण घातलेली. ती प्यायल्यावर रात्री जेवायची वासना राहिली नाही. सुपरवायझर तर कारखान्यात सांगत सुटला, की आम्ही बैठकीत एक नवीन पेय शोधून काढलंय. हे वहिनींच्या कानावर गेलं. त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आईने लहानपणी भातावर वाढलं, तेव्हा ताट सरकवलंत. आता ग्लासातून दिलं तर शोध लागला होय?"

सकाळी डोकं न दुखता जाग येणं, मध्यरात्री पाणी शोधत न उठणं, महिनाअखेर पाकिटात नोटा सापडणं, हे लाभ सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर शाई घालवत नाही. एक मात्र सांगून ठेवतो. ही सगळी गंमत हौशी माणसांची. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरायचे थांबत नाहीत, त्याने एकदम बंद करण्यासाठी पंचांग बघू नये, डॉक्टर गाठावा. तिथे सार पुरत नाही.

आणि महाडात बसून प्यायच्या गोष्टी लिहायच्या तर पाण्यापाशी थांबावंच लागतं. इथून चार पावलांवर चवदार तळं आहे. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 साली महाडच्या नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद सगळे तयार होते. तरी त्या तळ्याला हात लावायची कुणाची सोय नव्हती, म्हणून 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंना घेऊन तिथे चालत जावं लागलं आणि ओंजळीने पाणी प्यावं लागलं. त्यावर मारहाण झाली, खटला झाला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. दर 20 मार्चला इथे माणसांचा सागर लोटतो तेव्हा उन्हाच्या झळा असतात. लोक लांबून येतात आणि आधी तळ्यावर जातात. सरकारने परवानगी देणं आणि शेजाऱ्याने देणं यात केवढं अंतर असतं, हे या गावाला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. हळदीच्या रात्री मामाने पुढे केलेल्या ग्लासाचं माझं रडगाणं त्यापुढे फारच किरकोळ आहे.

शेजाऱ्याच्या परवानगीला घाबरून सरकारनेही एक सोय केली आहे, तीही सांगतो. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर मतदान घेता येतं, आणि मतपत्रिकेवर दोनच उमेदवार: उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान आडवं. देशातली ही बहुधा एकमेव निवडणूक, जिच्यात उमेदवाराने आडवं पडणं हाच विजय. पुरुषांच्या निवडणुकीत हे आदल्या रात्रीच होतं. हमरस्त्यालगतच्या बारांचंही एकदा असंच झालं होतं. 2016 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू नको म्हटलं, पुढच्या मार्चअखेरीस लहान गावांसाठी अंतर 220 मीटर झालं, एप्रिलपासून टाळी लागली, मग शहरी हद्दी वगळल्या. त्या काही महिन्यांत हमरस्त्यांवरच्या माणसांना मीटर आणि फूट यांचं कोष्टक जेवढं पाठ झालं, तेवढं शाळेत झालं नव्हतं.

हे झालं श्रावणाचं. पण श्रावण एकच असतो असंही नाही. एमआयडीसीत उत्तरेकडून आलेली पुष्कळ माणसं आहेत. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा सावन आपल्याआधी पंधरा दिवस लागतो आणि पंधरा दिवस आधी उठतो. सुपरवायझरच्या पाळीत दोन्ही पंचांगं कामाला असतात. सुरुवात आपल्या पंचांगाने आणि शेवट त्यांच्या पंचांगाने करणारा एक महाभाग त्याला सापडला. त्याचा श्रावण पंधरा दिवसांत आटोपला. राष्ट्रीय एकात्मतेचं इतकं चांगलं उदाहरण मी दुसरं ऐकलेलं नाही.

2023 साली याच्या उलट झालं. अधिक श्रावण आला. 18 जुलैला सुरू झाला, 16 ऑगस्टला संपला आणि 17 ऑगस्टला खरा, म्हणजे निज श्रावण लागला, तो 15 सप्टेंबरपर्यंत. असा योग त्याआधी 2004 मध्ये आला होता, त्यामुळे जाणकार माणसं हाताशी नव्हती. गटारी कधी करायची यावर महाडात घराघरांत मतभेद झाले. अधिक हा धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायचा, पुण्य दुप्पट मिळायचा. तेव्हा तो पाळायचा की नाही? एका पक्षाचं म्हणणं, अधिकात केलेलं मोजलं जात नाही. दुसऱ्याचं, अधिकात केलेलंच मोजलं जातं. आमच्या बैठकीने दोन्ही पाळायचं ठरवलं, त्याचं श्रेय भक्तीला नाही. वहिनींनी सार दोन महिने करायचं कबूल केलं होतं. पुढे निज श्रावण संपला आणि चारच दिवसांत गणपती आले, चाकरमानी गाड्या भरभरून आले, घरात देव बसल्यावर कोण धजावतो? दिवस असे लांबत गेले. मग नवरात्र. मग कोजागिरी, तेव्हा तर आटवलेलं दूधच. आणि कोजागिरीला आमच्या भागात हिरकणीची आठवण निघतेच. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, परतायला उशीर झाला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेली, अशी गोष्ट सांगतात. वहिनींनी ती त्या रात्री मुद्दाम सांगितली. दूध विकायला गेलेली बाई घरी वेळेत पोचावं म्हणून कडा उतरते, आणि नुसते प्यायला बसलेल्यांना जिन्याच्या बारा पायऱ्या चढून वर यायला मध्यरात्र होते, असं त्यांचं निरीक्षण.

बैठकीतले काही जण दिवाळीत परत मूळ पदावर आले. नियंत्रक मात्र आले नाहीत. त्यांना ते घोट घोट पिणं आवडलं होतं, कारण विचारलं तर खांदे उडवायचे. त्यांची कसोटी मार्गशीर्षात लागली. पोलादपूरजवळच्या एका वाडीत हळद होती. मांडव, डीजे, मागे टेम्पो, सगळं जागच्या जागी. त्यांच्यापुढे ग्लास आला. नियंत्रकांनी तीन जिल्ह्यांतल्या वेळापत्रकांची भांडणं मिटवलेली, तेव्हा आवाजात जरब. ते शांतपणे म्हणाले, "नको. श्रावण आहे."

सगळे गप्प. डिसेंबरचा गारवा, अंगावर स्वेटर, समोर लग्नाचा मांडव. कुणीतरी बोटांवर महिने मोजायला लागलं आणि कार्तिकापाशी अडकलं. एकजण मोबाइल काढून बघत होता, त्याला रेंज मिळेना. शेवटी नवरीच्या बापाने, ज्याला आणखी शंभर कामं होती, निकाल दिला:

"अधिक आला असेल. त्यांना कोकम द्या."

ग्लास मागे गेला. आणि टेम्पोच्या पलीकडून कुणा जावयाचा आवाज आला, "अधिक आलाय? मग आमचं वाण कुठाय?"